मागच्या चाकांचे सेन्सर आधी

पुढची चाके जागच्या जागी फिरतात, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाक घसरले की इंजिनाची ताकद कमी करणाऱ्या यंत्रणेचे) चांगले सेन्सरही पुढेच बसवायचे, असे मी बराच काळ धरून चाललो होतो. माझी ऑटोक्रॉसची (शंकूंनी आखलेल्या छोट्या ट्रॅकवर वेळेशी लावायच्या शर्यतीची) गाडी म्हणजे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी जुनी हॅचबॅक आहे. तिला एबीएस (ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी यंत्रणा) नाही, मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि मातीच्या ट्रॅकवर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की पुढचे एक चाक हमखास मोकाट सुटते. इंजिनासाठी स्वतंत्र, प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) आधीच बसवलेला असल्यामुळे ताकद कमी करण्याची सोय तयार होती. ती केव्हा आणि किती कमी करायची, हे सांगणारी माहिती मात्र नव्हती. ती माहिती कोणत्या सेन्सरांकडून घ्यावी, यावर मी जवळजवळ एक वर्ष घालवले, आणि त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर मांडत आहे.

ट्रॅक्शन कंट्रोलला मुळात एकच आकडा हवा असतो, तो म्हणजे घसरण. चाकाच्या परिघाचा वेग आणि गाडीचा जमिनीवरचा खरा वेग यांच्यातल्या फरकाला खऱ्या वेगाने भागले की घसरणीचे प्रमाण मिळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण १० ते २० टक्के घसरणीपाशी टायरची पकड सर्वाधिक असते आणि त्यापुढे ती कमी होत जाते; सैल मातीवर किंवा खडीवर मात्र टायर थोडी माती उकरूनच पुढे ढकलतो, त्यामुळे तिथे याहून बरीच जास्त घसरण चालते, किंबहुना ती हवीच असते. या भागाकारात वरचा आकडा मिळवणे सोपे आहे, कारण चाक आपल्या हाताशी असते. अवघड असतो तो खालचा आकडा. गाडी खरोखर किती वेगाने पुढे सरकते आहे, हे गाडीच्या आत बसून अचूक कळणे सोपे नाही, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हीच मोठी डोकेदुखी असते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक दुखणे आणि एक भाग्य एकाच ठिकाणी आहे. दुखणे असे की, गाडी जोर घेते तेव्हा वजन मागे सरकते. सुमारे १००० किलोची, २.४ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराची) आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असलेली गाडी गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट वेगवृद्धी घेत असेल, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ९० किलो वजन मागच्या चाकांवर जाते. म्हणजे ज्यांनी गाडी ओढायची, त्यांचीच पकड नेमक्या गरजेच्या क्षणी कमी होते. भाग्य असे की, मागची चाके इंजिनाला जोडलेलीच नसतात. ती नुसती मागून येतात, आणि जोपर्यंत कोणी ब्रेक लावत नाही तोपर्यंत ती जमिनीचा वेग प्रामाणिकपणे सांगत राहतात. ही युक्ती जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेत ब्युइकने 'मॅक्स ट्रॅक' नावाची जी यंत्रणा आणली, तिनेही मोकळ्या चाकाच्या वेगाशी ओढणाऱ्या चाकांच्या वेगाची तुलना करून इंजिनाचे इग्निशन तोडले होते. त्या गाड्या मागच्या चाकांवर चालत असल्यामुळे तिथे पुढचे चाक साक्षीदार होते. आपल्या गाडीत ते काम मागच्या चाकांकडे येते.

पहिला मोह गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरचा पडतो. तो गाडीत आधीपासून असतो, वायर जवळच असते, आणि तो पुढच्या चाकांचाच वेग मोजतो, मग वेगळा खर्च कशाला, असे वाटते. पण तो डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीच्या) घराचा वेग मोजतो, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये तो वेग नेहमी डाव्या-उजव्या चाकांची सरासरी असतो. समजा माझी गाडी ताशी ८ किलोमीटरने सरकते आहे, उजवे चाक जमिनीला धरून तेवढ्याच वेगाने फिरते आहे आणि डावे चाक ताशी ७४ किलोमीटरच्या वेगाने गरगरते आहे. अशा वेळी गिअरबॉक्सचा सेन्सर ताशी ४१ सांगतो. दोन्ही चाके ४१ ने फिरत असती तरी त्याने हेच सांगितले असते. काहीतरी बिनसले आहे हे त्यावरून कळते, परंतु कोणत्या बाजूचे चाक सुटले आणि कितपत सुटले, हे त्यात पूर्ण झाकले जाते. इंजिनाचे आरपीएम किती झपाट्याने वाढते एवढ्यावरून घसरण ओळखण्याची पद्धतही आहे, आणि कोरड्या सरळ रस्त्यावर ती बऱ्यापैकी चालते. पण क्लच अर्धवट दाबलेला असताना आणि उंचसखल मातीत तिचा अंदाज इतक्या वेळा चुकला की मी ती दोन दिवसांत सोडून दिली.

जीपीएसबद्दल अनेकांना मोठी आशा असते. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसचा वेग खरोखर उत्तम असतो, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे टायरचा परीघ पडताळण्यासाठी मी तोच वापरतो. मात्र सेकंदाला १० वेळा आकडा देणारे मॉड्यूल घेतले तरी दोन आकड्यांमध्ये १०० मिलिसेकंद जातात, त्यात गणिताचा उशीर वेगळा. आणि ओल्या मातीत पुढचे चाक धरलेल्या अवस्थेतून पूर्ण सुटायला दोन-तीन दशांश सेकंदांहून जास्त वेळ घेत नाही. बातमी पोहोचेपर्यंत घटना घडून गेलेली असते. ॲक्सेलरोमीटर चपळ असतो, पण त्याच्या मोजणीची बेरीज करत वेग काढायचा म्हटले की वेगळीच अडचण उभी राहते. गाडीचे नाक ३ अंशांनी वर उचलले गेले, मग ते चढामुळे असो किंवा जोर घेताना मागे बसल्यामुळे असो, तर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ५ टक्के भाग त्याला पुढच्या दिशेची वेगवृद्धी म्हणून दिसतो, आणि अवघ्या ४ सेकंदांत ताशी ७ किलोमीटरहून अधिक चूक साचते. ताम्हिणीसारख्या घाटात तर तो एकटा कुठल्या कुठे भरकटेल.

म्हणजे शेवटी चाकांवरच यावे लागते, आणि चाकांवर आल्यावर पहिला प्रश्न असतो तो प्रत्येक फेरीला किती खुणा मोजायच्या, हा.

सुरुवातीला मी स्वस्त आणि सोपा मार्ग घेतला. पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांमध्ये यंत्रांवर सर्रास दिसणारे १२ मिलिमीटरचे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर आणले आणि ते चाकाच्या चार बोल्टांसमोर बसवले. बोल्ट समोर आला की सेन्सरचा लाल दिवा लागतो, गेला की विझतो. हाताने चाक फिरवताना ते पाहायला फार समाधान वाटले. जमिनीवर खडूची खूण करून चाक एक फेरी पुढे ढकलले तेव्हा १८५/६५ आर १५ टायरचा वजनाखालचा परीघ १.९१ मीटर भरला. चार बोल्ट म्हणजे दर ४८ सेंटिमीटरला एक खूण. ताशी १० किलोमीटरला दोन खुणांमध्ये १७२ मिलिसेकंद जातात, आणि गाडी सुटते त्या क्षणी, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, पहिली खूण यायच्या आत चाक मोकाट सुटलेले असते. खुणा वाढवाव्यात तर हे सेन्सर बारीक दाते नीट ओळखत नाहीत, कारण त्यांना समोर साधारण आपल्या तोंडाएवढा धातू लागतो. शिवाय त्यांची तापमानाची मर्यादा बहुधा ७० अंश सेल्सिअसची असते, आणि ब्रेक ड्रमच्या शेजारी ती ओलांडायला पाच मिनिटांची फेरी पुरते. कारखान्यात हे सेन्सर वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करतात. चाकाची जागा त्यांच्यासाठी नाही.

गाड्यांसाठी बनवलेल्या चाकाच्या सेन्सरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला जुना चुंबकीय प्रकार. त्यात कायमचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, समोरून लोखंडी दाते गेले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि दोन वायरींवर वर-खाली होणारी लाट मिळते. याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, आत बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते, तापमान सोसण्याची ताकद दांडगी असते, आणि मल्टिमीटरने तपासले की एक-दोन हजार ओहमच्या आसपास रोध दिसतो, त्यामुळे तो जिवंत की मेलेला हे तिथल्या तिथे समजते. उणीव एकच, पण ट्रॅक्शन कंट्रोलच्या दृष्टीने ती मोठी आहे. लाटेची उंची वेगावर अवलंबून असते. चाक हळू फिरत असेल तर लाट इतकी क्षीण होते की ताशी ४-५ किलोमीटरच्या खाली तिच्यावर विसंबता येत नाही.

दुसरा वर्ग सक्रिय सेन्सरांचा. यांच्या आत हॉल परिणामावर (चुंबकीय क्षेत्र बदलले की व्होल्टेज बदलते, त्यावर) किंवा चुंबकीय रोधावर चालणारी चिप असते, तिला वीज द्यावी लागते, आणि ती चाक जवळजवळ थांबलेले असतानाही दाता आला-गेला हे तितक्याच ठसठशीतपणे सांगते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत याचा दोन वायरींचा अवतार असतो आणि त्यात दात्यांची रिंग नसतेच. बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची एक काळी चुंबकीय पट्टी बसवलेली असते. हा सेन्सर आपले म्हणणे व्होल्टेजने न सांगता प्रवाहाने सांगतो, एका ध्रुवाला ७ मिलिअँपिअर आणि दुसऱ्याला १४. वायरीत १०० ओहमचा रोध टाकला की त्यावर ०.७ आणि १.४ व्होल्ट असे दोन स्पष्ट आकडे मिळतात आणि साधा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे सर्किट) त्यांतून चौकोनी लाट काढतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक चांगले सेन्सर मल्टिमीटरने रोध मोजून, तो 'दिसत नाही' म्हणून फेकले जातात. याच वर्गात तीन वायरींचे, स्वतःच्या पोटात चुंबक असलेले हॉल सेन्सरही येतात. त्यांना साधे लोखंडी दाते चालतात, आणि जुन्या गाडीवर काम करणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत सोयीची पडते.

आता निवड. चारही चाकांना सक्रिय सेन्सर लावावेत हे उत्तर बरोबरच आहे, पण पैसा, वेळ आणि जागा यांचा विचार करता चारही सारखे मिळतील असे नसते. अशा वेळी चांगले सेन्सर मागे द्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. कारण असे की, घसरणीचा प्रसंग येतो तेव्हा पुढचे चाक वेगात असते. पहिल्या गिअरमध्ये ५००० आरपीएमला माझ्या गाडीची पुढची चाके ताशी ४१ किलोमीटरच्या वेगाने फिरतात आणि त्या वेगाला जुना चुंबकीय सेन्सरसुद्धा भरघोस लाट देतो. त्याच क्षणी मागची चाके ताशी ३ किंवा ६ किलोमीटरने जेमतेम सरकत असतात, आणि तो लहानसा आकडाच भागाकारात खाली बसतो. खालचा आकडा लहान असला की त्यातली थोडीशी चूकही उत्तरात कित्येक पटींनी वाढून येते. पुढचा सेन्सर वेगात काम करतो, मागच्याला जवळजवळ स्तब्धतेतून माहिती काढावी लागते. म्हणून मागचा अधिक चांगला हवा. त्यात ताशी ८-१० किलोमीटरच्या खाली मी टक्केवारीचे गणित पूर्ण सोडून देतो आणि पुढच्या-मागच्या वेगांत ताशी ५ किलोमीटरहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, एवढाच नियम ठेवतो, कारण शून्याच्या जवळच्या आकड्याने भागून शहाणे उत्तर मिळत नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या हबसाठी चुंबकीय पट्टीचे बेअरिंग मिळाले नाही. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दिवस फिरलो, तेव्हा याच मॉडेलच्या एबीएसवाल्या आवृत्तीचे पुढचे नकल (चाकाचे हब धरणारा भाग) आणि दातेरी रिंग असलेले ड्राइव्हशाफ्ट मिळाले. त्यांच्या रिंगवर ४४ दाते होते आणि सेन्सर जुन्या चुंबकीय प्रकारचे होते. मागचे काही जुळेना. म्हणून मागच्या दोन रिंग भोसरीत वायरकटवर (तारेतून ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापून घेतल्या. साध्या माइल्ड स्टीलच्या, १२० मिलिमीटर व्यासाच्या, ४८ दात्यांच्या. दाता आणि त्याशेजारची फट मिळून ७.८५ मिलिमीटर होतात, म्हणजे दाता सुमारे ३.९ मिलिमीटरचा येतो आणि हॉल सेन्सरला तो आरामात ओळखता येतो. ४८ दात्यांमुळे दर ४ सेंटिमीटरला एक खूण मिळते, ताशी १० किलोमीटरला दर १४ मिलिसेकंदांनी बातमी येते, आणि ताशी १२० ला वारंवारता ८४० हर्ट्झच्या आतच राहते, जी कोणत्याही मायक्रोकंट्रोलरला किरकोळ आहे. ज्या काकांनी रिंग हबवर बसवून दिल्या त्यांनी त्या ठोकून न बसवता शेगडीवर तापवून, अलगद सरकवून, थंड होऊ दिल्या. "ठोकलीत तर गोल राहणार नाही साहेब, आणि मग तुमचा सेन्सर खोटं बोलेल," हे त्यांचे म्हणणे मला नंतर डायल गेज लावल्यावर पटले. दोन्ही रिंगचा डगमग ०.१ मिलिमीटरच्या आत होता.

तीन वायरींचे हॉल सेन्सर तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाले नाहीत, ते बाहेरून मागवावे लागले. गाड्यांसाठीच बनवलेले, १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि १२ मिलिमीटर आट्यांच्या नळीत बसवलेले. फिलर गेजने रिंगपासून १ मिलिमीटर अंतर ठेवले, चेकनट आवळला, चाक हाताने फिरवले, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर डावीकडून सुरेख चौकोनी लाट आली. उजवीकडून काहीच आले नाही. वायर तपासली, वीज तपासली, अंतर अर्ध्या मिलिमीटरवर आणून पाहिले, तरी अधूनमधून एखादी टोचणी यायची आणि पुन्हा रेघ सरळ व्हायची. सेन्सर खराब आला असे समजून तो काढायला घेतला, चेकनट सैल केला, आणि नळी हातात थोडी फिरली तशी पडद्यावर लाट उमटली. पाव फेरा पुढे गेल्यावर ती पुन्हा नाहीशी झाली. तेव्हा कुठे उलगडा झाला. या प्रकारच्या सेन्सरात शेजारी शेजारी दोन हॉल घटक असतात आणि तो त्या दोघांमधला फरक पाहतो. एक दात्यासमोर आणि दुसरा फटीसमोर असेल तरच फरक दिसतो. चेकनट आवळताना नळी सोबत फिरली होती आणि दोन्ही घटक एकाच दात्यावर उभे राहिले होते. आता दोन्ही सेन्सरांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली आहे आणि ती रिंगच्या फिरण्याच्या दिशेशी जुळवूनच नट आवळतो. एकच हॉल घटक असलेल्या सेन्सरांना ही अट नसते, म्हणून माहितीपत्रकात हा मुद्दा खरेदीच्या आधी पाहून घ्यावा.

जागा ठरवताना चिखलापेक्षा लोखंडाच्या कणांची काळजी अधिक घ्यावी लागते. चिखल हॉल सेन्सरला दिसतच नाही. प्रकाशावर चालणारे सेन्सर मात्र पहिल्या डबक्यात आंधळे होतात, म्हणून त्यांचा विचार मी केलाच नाही. ब्रेकची बारीक लोखंडी धूळ सेन्सरच्या चुंबकाला मिशीसारखी चिकटते आणि दात्यांची धार बोथट करून टाकते. दर दोन-तीन स्पर्धांनंतर कापडाने टोक पुसून घेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

पुढच्या चुंबकीय सेन्सरांनी वेगळा धडा दिला. गाडी शेडमध्ये उभी होती, इंजिन संथ चालत होते, आणि लॅपटॉपवर डावे पुढचे चाक ताशी ४.२ किलोमीटरने फिरताना दिसत होते. चाक अर्थातच हललेले नव्हते. इंजिन बंद केले की आकडा शून्य, आरपीएम १६०० केले की ८ च्या थोडा वर. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या पडतात. ८०० आरपीएमला सेकंदाला २६.७ ठिणग्या होतात, आणि ४४ दात्यांच्या रिंगच्या हिशेबाने तेवढ्या खुणा म्हणजे नेमके ताशी ४.२ किलोमीटर. सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या अगदी शेजारून गेली होती आणि माझे सर्किट ठिणग्या मोजत बसले होते. वायरीची जोडी पीळ देऊन घेतली, वरचे जाळीचे आवरण फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ केले, सगळा मार्ग ब्रेकच्या नळीसोबत वळवला, आणि हाताने जुळवलेल्या कंपॅरेटरऐवजी मॅक्स ९९२४ ही चिप वापरली. लाट मोठी होईल तशी ही चिप आपली उंबरठ्याची पातळीही वर नेते, त्यामुळे वेगात असताना बारीक गोंगाट तिला दिसत नाही. जुनी एलएम १८१५ चिपही याच तत्त्वावर चालते. याच कारणासाठी सक्रिय सेन्सर मला मागेच हवे होते. चाक हळू असताना चुंबकीय सेन्सरची लाट आणि गोंगाट सारख्याच उंचीचे असतात, आणि मागच्या चाकाच्या वेगात असा खोटा आकडा मिसळला असता तर संपूर्ण गणित गेले असते.

वेग काढताना ठरावीक वेळात किती दाते गेले हे मोजण्यापेक्षा एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत किती वेळ गेला हे मोजावे. मायक्रोकंट्रोलरच्या टायमरला ही सोय असतेच. दाते हाताने कापलेले असोत किंवा वायरकटवर, त्यांच्यात थोडा फरक राहतो आणि वेग चाकाच्या प्रत्येक फेरीत हलका थरथरतो. मी चार दात्यांची सरासरी घेतो आणि तेवढा उशीर मान्य करतो.

पुढचा प्रश्न वळणांचा आहे, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो टाळता येत नाही. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. मागच्या आसाचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर २.४ मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढची चाके सुमारे २.८ टक्के जास्त वेगाने फिरतात. शंकूभोवतीच्या ६ मीटरच्या आवळ वळणावर हाच फरक ७.७ टक्क्यांवर जातो. ही घसरण नसते, निव्वळ भूमिती असते, पण कंट्रोलरला ती सांगितली नाही तर तो वळणाच्या ऐन मध्यात ताकद काढून घेतो. पुष्कळ जण यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर कोनाचा सेन्सर बसवतात. मला तो लागला नाही. मागची दोन चाके मोकळी असल्यामुळे त्यांच्या वेगांतला फरकच वळणाची त्रिज्या सांगतो, १.४८ मीटर ट्रॅकच्या (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या) माझ्या गाडीत ६ मीटरच्या वळणावर बाहेरचे मागचे चाक आतल्या चाकापेक्षा २८ टक्के जास्त वेगाने फिरते, म्हणजे मोजायला भरपूर फरक असतो. मागे एकच सेन्सर लावून काटकसर करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याने हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

याला एक अपवाद आहे आणि तो या गाड्यांच्या स्वभावातलाच आहे. जोरात वळण घेताना अशी हॅचबॅक आतले मागचे चाक उचलते. हवेत गेलेले चाक काही काळ फिरत राहते आणि नंतर हळूहळू मंदावते, त्यामुळे त्याच्यावरून काढलेली त्रिज्या आणि सरासरी दोन्ही चुकतात. म्हणून गाडीच्या मध्यावर एक छोटा जायरो बसवला आहे. गाडी किती झपाट्याने वळते आहे हे तो स्वतंत्रपणे सांगतो. मागच्या चाकांचे म्हणणे त्याच्याशी जुळेनासे झाले की मी बाहेरच्या चाकावर भरवसा ठेवतो, कारण वजन त्याच्यावर असते.

आणि हँडब्रेक. मातीवरच्या स्पर्धेत हँडब्रेक ओढून गाडी फिरवणे हा रोजचाच भाग असतो, आणि हँडब्रेक मागची चाके जखडतो. पहिल्याच चाचणीत मी शंकूपाशी हँडब्रेक ओढला, मागचा वेग शून्य झाला, कंट्रोलरला पुढची चाके अनंत घसरताना दिसली आणि गाडी आडवी असताना, जेव्हा बाहेर ओढायला सगळी ताकद हवी होती, तेव्हा इंजिन गप्प झाले. या यादीतला सर्वांत स्वस्त सेन्सर त्या दिवशी जोडला गेला. हँडब्रेकच्या दांड्याखाली डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारे बटण आधीपासूनच असते. त्याची वायर कंट्रोलरपर्यंत आणली, आणि दांडा वर असेतोवर व सोडल्यावर पुढचे ०.४ सेकंद ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद राहील असे केले. पायाच्या ब्रेकच्या दिव्याचे बटणही तसेच जोडले आहे, आणि क्लचचेही.

टायरची झीज हा विषय छोटा असला तरी टाळू नये. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा ५ मिलिमीटरने जास्त झिजली असेल तर परिघात सुमारे १.६ टक्के फरक पडतो, आणि तेवढी खोटी घसरण कायमची चिकटते. मी प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी सरळ रस्त्यावर ताशी ४० ला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, चारही चाकांचे गुणोत्तर त्या काही सेकंदांत नोंदवून घेतो, आणि एकूण मोजपट्टी जीपीएसशी जुळवतो.

ज्यांच्या गाडीला एबीएस आहे, त्यांनी मात्र यातले कोणतेही तोडकाम करू नये. भारतात २०१९ नंतरच्या मोटारींना ते असतेच. एबीएसच्या सेन्सरांच्या वायरींना समांतर जोडणी केली तर सिग्नल दुबळा होऊन ब्रेकची यंत्रणाच बिघडू शकते, आणि ब्रेकशी असा खेळ मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. अशा बहुतेक गाड्यांत चारही चाकांचे वेग कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींवर) दर १० ते २० मिलिसेकंदांनी फिरत असतात. ते नुसते ऐकावेत, बसवर स्वतः काही लिहू नये. सेन्सरही कारखान्याचे, जुळवणीही कारखान्याची, आणि ट्रॅक्शन कंट्रोलसाठी एवढी गती पुरते.

गेल्या महिन्यात तळेगावजवळच्या एका खासगी जागेवर टँकरने पाणी मारून आम्ही शेवटची चाचणी घेतली. आधी कंट्रोल बंद ठेवून गाडी सोडली. नोंदीत मागची चाके ताशी ६ वर असताना डावे पुढचे चाक ५८ वर पोहोचलेले दिसते आणि उजवे जवळजवळ मागच्यांबरोबरच आहे. मग कंट्रोल सुरू करून त्याच जागेवरून, त्याच आरपीएमवर सोडली. डावे चाक १३ पर्यंत गेले, परत ११ वर आले, आणि मागच्या चाकांचा वेग वाढत गेला तसे त्यांच्या थोडे पुढे राहून वर चढत गेले. आलेखात मागच्या दोन चाकांच्या रेघा अगदी पहिल्या मीटरपासून, ताशी एक-दीड किलोमीटरपासून, न तुटता उमटल्या आहेत. पुढच्या रेघा ताशी ५ च्या वर गेल्यावरच सुरू होतात, आणि त्याने काही बिघडलेले नाही. उजव्या मागच्या रेघेत दर फेरीला एक बारीक खाच दिसते. एका दात्याची धार बहुधा दुमडली आहे. पुढच्या रविवारी ड्रम काढून ती कानस लावून सरळ करायची आहे.